मिग-२१ चं कॉकपिट आणि मामाची पांढरी रेघ

(पॉडकास्टच्या भागाचा लेखी मजकूर)

हेडफोन लावलेत ना? लोकलमध्ये असाल, मेसच्या रांगेत असाल, तरी चालेल. आजचा विषय हातांचा आहे, पण ऐकायला कानच पुरेत.

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "किट जोडून झालं, रंग दिला, तरी विमान खेळण्यासारखंच दिसतं. काय चुकतंय?" बहुतेक वेळा काहीच चुकत नसतं. किट बनवणारे साच्यातून प्लास्टिक ओततात. साच्यातून केसाएवढी नळी निघत नाही, सीटचा पट्टा पातळ निघत नाही. मग किटमध्ये जे नाही ते आपण स्वतः बनवायचं. यालाच स्क्रॅच-बिल्डिंग म्हणतात.

माझं उदाहरण सांगतो. माझा मामा नाशिकजवळ ओझरला, एचएएलच्या कारखान्यात होता. तिथे मिग-२१ बनायची. त्यातलं मिग-२१ बिस मी १/४८ मध्ये करायला घेतलं. १/४८ म्हणजे खऱ्या विमानाचे ४८ मिमी आपल्याकडे १ मिमी. खऱ्या मिगचे पंख टोकापासून टोकापर्यंत साधारण ७.१५ मीटर, मॉडेलवर ते १४९ मिमी. तळहातापेक्षा जरा मोठं, बस्स.

हे गणित आधी करा, मग कात्री उचला. चाकांच्या खोबणीतली १० मिमीची नळी मॉडेलवर ०.२ मिमी होते. बाजारात शोधत बसू नका. बारीक फ्लेक्झिबल वायर सोला, आतली एकेक तार साधारण तेवढीच असते. खोबणीच्या आकारात वाकवा, रंगवा, झाली हायड्रॉलिक लाइन. आणखी बारीक काही हवं असेल, तर किटच्या फ्रेमचा तुकडा, म्हणजे स्प्रू, मेणबत्तीच्या ज्योतीच्या थोडा वर धरून फिरवत राहा. मऊ झाला की बाजूला घ्या आणि ओढा. हळू ओढलात तर जाड धागा, झटकन ओढलात तर बारीक.

नाकावरच्या पिटो ट्यूबसाठी मेडिकलमधून इंजेक्शनच्या नवीन, कोऱ्या सुया आणा. वापरलेल्या अजिबात नाही! १८ गेजची सुई आतून साधारण ०.८४ मिमी असते आणि २२ गेजची बाहेरून ०.७२. एक दुसरीत सरकते, पायरी आपोआप तयार होते. पकडीने तोडू नका, भोक चपटं होतं. कानसीच्या धारेवर फिरवत कापा आणि टोक बोथट करा.

प्लास्टिक शीट महाग वाटते? पॅकिंगवर त्रिकोणातला ६ आकडा शोधा. ते पॉलिस्टायरीन, किटचाच प्लास्टिक प्रकार. मॉडेलचा गोंद ते विरघळवून जोडतो. ५ आकडा दिसला तर सोडून द्या, ते पॉलिप्रॉपिलीन, त्याला हा गोंद धरतच नाही. सीटच्या उशीला एम-सील, पट्ट्यांना पातळ अॅल्युमिनियम फॉइल. आणि कॉकपिटच्या काचेजवळ झटपट चिकटणारा गोंद नको, त्याच्या वाफेने काच पांढुरकी होते. तिथे साधा पांढरा फेविकॉल बरा.

आता मुख्य गोष्ट. किटचं इन्स्ट्रुमेंट पॅनेल मला आवडलं नाही, म्हणून नवीन केलं. पाव मिलिमीटरच्या शीटला डायलची भोकं पाडली, मागे पारदर्शक शीट, त्यामागे कागदावर छापलेले डायल. खरा ८० मिमीचा डायल इथे जेमतेम पावणेदोन मिमी. तीन रविवार गेले. मिगचा तो ठरलेला निळसर-हिरवा रंग दिला, पॅनेल आत चिकटवलं, विमानाचे दोन्ही अर्धे जोडले. जाम खूश होतो.

२६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ चा निरोप झाला. १९६३ पासूनची सेवा संपली. मामाने तो मोबाईलवर पाहिला. काही बोलला नाही. संध्याकाळी मला म्हणाला, "तुझं ते विमान झालं का रे? दाखव."

मी टॉर्च लावून कॉकपिट दाखवलं. त्याने चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, "मधली पांढरी रेघ कुठंय?"

मला फोटोत ती रेघ दिसली होती, मंडळी. मला वाटलं, फ्लॅशची चमक आहे. म्हणून सोडून दिली.

मामा म्हणाला, "अरे, विमान स्पिनमध्ये गेलं की गरगरत खाली येतं. माणसाला डावं-उजवं कळत नाही. तेव्हा स्टिक नेमकी मधोमध आणायची असते. ती रेघ त्यासाठी. डोकं चालेना तर स्टिक तिच्याकडे ढकलायची. आणि तू नेमकी तीच सोडलीस?"

म्हणजे पॅनेलवरचे सगळे डायल मी मोजून लावले आणि जी खूण जीव वाचवायला होती, तीच चमक समजून पुसली. कारण मी फोटोची नक्कल करत होतो. ते काय आहे आणि कशासाठी आहे, हे विचारलंच नव्हतं.

त्या रात्री जोड उघडला. पॅनेल मोडलं. पुन्हा केलं, आणखी दोन रविवार. यावेळी पांढऱ्या डिकलची बारीक पट्टी कापून मधोमध बसवली.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. भाग बनवण्याआधी त्याचं काम एका वाक्यात वहीत लिहायचं. ही नळी कुठून कुठे जाते? हा दांडा काय ढकलतो? लिहिता येत नसेल, तर अजून फोटो शोधायचे, पुस्तक चाळायचं, जमलं तर खरं विमान पाहायचं. दिल्लीला पालमच्या वायुसेना संग्रहालयात मिग-२१ उभं आहे. आणि घरात, शेजारी कुणी त्यावर काम केलेलं माणूस असेल, तर त्याला आधी विचारा, गोंद नंतर लावा. फक्त जे सांगण्यासारखं नाही ते खोदून विचारू नका. ती माणसं आपणहून जेवढं सांगतात, तेवढं पुष्कळ असतं.

कॉकपिटची काच आता बंद आहे. रेघ बाहेरून दिसते का? टॉर्च मारली तर दिसते. मामा घरी आला की मारतो.

या आठवड्यात एकच भाग करा. एक सीटबेल्ट, एक नळी, काहीही. आणि तो कशासाठी असतो, ते मला लिहून पाठवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर ब्लेड जपून वापरा, कापताना बोटं मागे ठेवा!