नावगावासकट



स्वागताध्यक्ष सहसा साखर कारखान्याचा नाहीतर शिक्षणसंस्थेचा असतो. यंदा संयोजकांनी छापखानेवाला धरला. मांडवाचा खर्च मला पेलणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, पण निमंत्रणपत्रिका फुकटात छापून झाल्या. आत्मकथनावरच्या या दोन दिवसांच्या संमेलनात तुम्हा सगळ्यांचं मनापासून स्वागत.

तुम्ही बसला आहात तिथून देवराष्ट्रे जवळ आहे. सागरेश्वराच्या डोंगराखालचं गाव. तिथे 1862 मध्ये रमाबाई रानडे जन्मल्या, आणि 1913 मध्ये, आजोळी, यशवंतराव चव्हाण. एवढ्याशा गावाने मराठीला दोन आत्मचरित्रं दिली, म्हणून संमेलन इथे घ्यायचा हट्ट आम्ही धरला. रमाबाईंचं पुस्तक 1910 चं. त्याच्या नावात 'माझ्या' नाही, 'आमच्या आयुष्यातील' आहे. नवऱ्याचं नाव त्या घेत नाहीत, 'स्वतः' म्हणतात. पण इंग्रजी शिकते म्हणून घरातल्या बायकांनी केलेला जाच झाकूनही ठेवत नाहीत. यशवंतरावांचं 'कृष्णाकाठ' 1984 मध्ये आलं, ते 1946 पाशी थांबतं. पुस्तक आलं त्याच वर्षी यशवंतराव गेले. मुख्यमंत्रिपदाच्या, दिल्लीच्या काळातली माणसं कागदावर यायची राहिली. आली असती तर त्यातली कितीजण नावानिशी आली असती, असं मला आपलं वाटत राहतं.

कारण नावांचं मला जरा जास्त दिसतं. धंदाच तसा आहे. निवृत्त मुख्याध्यापक, तलाठी, चळवळीत तुरुंग भोगलेले कार्यकर्ते, आयुष्य संपत आलं की माझ्याकडे येतात. तीनशे प्रती, आतल्या पानांवर फोटो, नातेवाइकांत वाटायला. ही पुस्तकं परीक्षणाला जात नाहीत, पण गावात पानन् पान वाचलं जातं. आणि त्यांची प्रुफं मी वाचतो. चाळीस वर्षं वाचून एक गोष्ट लक्षात आली. ज्याची भीती वाटते तो पुस्तकात 'एक बडे पुढारी' असतो, 'त्या वेळचे एक अधिकारी' असतो. ज्याची भीती वाटत नाही तो मात्र नावगावासकट असतो. गडी, मोलकरीण, नापास झालेला विद्यार्थी, घर सोडून गेलेली भावजय. बदली रोखणाऱ्या सभापतीला टोपणनाव मिळतं, आणि भावजयीचं माहेरसुद्धा छापून येतं. लेखकाला विचारलं की म्हणतो, "खरं तेच लिहिलंय." असेल. पण मग सभापतीचं खरं का लिहिलं नाही?

खिळे जुळवण्याच्या काळातली गोष्ट सांगतो. एका गुरुजींचं पुस्तक ट्रेडलवर चाललं होतं. त्यात थोरल्या भावाने वाटणीत कशी लबाडी केली ते सविस्तर होतं. चार फर्मे छापून झाले होते. कुठून तरी कुणकुण लागली आणि तो भाऊ छापखान्यात आला. पुस्तक बाहेर पडायच्या आधी मजकूर परक्याला दाखवणं धंद्याच्या इमानाला धरून नव्हतं. मी दाखवला. चूक माझी. म्हातारा कागदाच्या रिमावर बसला, चष्मा पुसून ते पान वाचलं, परत वाचलं. म्हणाला, "झालं ते असंच झालं. पर मी त्या दिवशी तालुक्याला का गेलतो, ते ह्यानं मला कधी इचारलं न्हाई." आणि उठून गेला. का गेला होता ते मीही विचारलं नाही.

गुरुजींना मी सगळं सांगितलं. ते माझ्यावर रागावले, आणि ते बरोबरच होतं. तिसऱ्या दिवशी आले आणि तो फर्मा रद्द करायला सांगितला. स्वतःच्या पैशाने पुन्हा छापून घेतला. मला वाटलं, भावाचं प्रकरण काढलं असेल. काढलं नव्हतं. सगळं तसंच होतं, फक्त शेवटी एक ओळ वाढली होती: दादाला याचं कारण मी आजवर विचारलेलं नाही. त्या एका ओळीसाठी तीनशे कागद रद्दीत गेले. बायंडिंगला अस्तर म्हणून आम्ही ते पुढे वर्षभर वापरले.

पुस्तकातल्या माणसाला उत्तर द्यायची सोय नसते, ही अडचण जुनीच आहे. एखाद्याच घरात ती सोय मिळते. धोंडो केशव कर्वे यांचं 'आत्मवृत्त' 1915 चं. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंचं 'माझे पुराण' आलं 1944 मध्ये. नवऱ्याचा जीव संस्थेत गुंतलेला असताना घर कशावर चाललं, ते आनंदीबाईंनी सांगितलं, आणि तेव्हा कर्वे हयात होते. सुनीताबाई देशपांड्यांचं 'आहे मनोहर तरी' 1990 मध्ये आलं तेव्हाही त्यांचे पती पु. ल. हयात होते. रागावले ते वाचकच. ज्यांच्याविषयी लिहिलं ते वाचू शकत होते आणि वाटलं तर बोलू शकत होते, म्हणून या पुस्तकांकडे मी वेगळ्या नजरेने पाहतो. आमच्या मोलकरणीच्या हाती ना पुस्तक येतं, ना लेखणी. त्यातूनही ज्यांनी लेखणी मिळवली त्यांचं काय होतं, ते 'बलुतं'ने 1978 मध्ये दाखवलं. दया पवारांनी तिथे दगडूला बोलतं केलं, म्हणजे झाडाझडती आधी स्वतःचीच घेतली.

कायद्याचंही दोन शब्दांत सांगून टाकतो, कारण नोटीस आली की लेखकाआधी मुद्रक दचकतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 प्रमाणे मजकूर खरा असणं एवढंच पुरत नाही, तो लोकहिताचाही असावा लागतो. आणि गेलेल्या माणसाचीही बदनामी होऊ शकते, ती त्याच्या घरच्यांच्या जिव्हारी लागावी म्हणून केली असेल तर. 'आता तो कुठे वाचायला येतोय' म्हणणाऱ्या माझ्या गिऱ्हाइकांना हे कलम मी चहाबरोबर देतो.

अलीकडे मीही लिहायला बसलो आहे. पहिल्या प्रकरणात आमचा जुना कंपोझिटर आला. दारू प्यायचा, खिळे उलटे लावायचा, असं भरभरून लिहून झालं, नावासकट. मग ज्यांनी माझी दोन मोठी बिलं बुडवली त्या गृहस्थांपाशी आलो, आणि हात आपोआप 'एक प्रतिष्ठित व्यापारी' लिहून मोकळा झाला. ते पान अजून टेबलावर तसंच आहे.

दुपारचं जेवण शाळेच्या व्हरांड्यात आहे, झुणका-भाकरी आणि आंबील. देवराष्ट्र्याला जाणारी गाडी उद्या सकाळी सात वाजता मांडवाच्या मागून सुटेल. ज्यांना यायचं आहे त्यांनी नाव लिहून द्यावं. पूर्ण नाव.