गज निवडताना



व्हायोलिन घ्यायचं ठरलं की अख्खं घर दुकानात जातं. गज मात्र पेटीत जो येईल तो! दोन-चार वर्षं रियाझ होतो, तरी मींड मध्येच तुटते, आस टिकत नाही आणि आपण बोटांना बोल लावत बसतो. पुष्कळदा दोष त्या गजाचा असतो.

पण लगेच नवा घेऊ नका. घोड्याच्या शेपटीचे ते दीडशे-दोनशे केस झिजतात, तुटतात. काडी धड असेल तर केस बदलून काम भागतं. काडीच वाकली असेल, तर मग खरेदीला निघा.

मुंबईत देवनारला राहणाऱ्यांनी गोवंडीला हार्बरची गाडी पकडावी आणि सीएसएमटीहून चालत धोबी तलावची वाद्यांची दुकानं गाठावीत. सोबत आपलं व्हायोलिन हवंच. एका वाद्यावर गोड लागणारा गज दुसऱ्यावर खरखरतो.

दुकानात गज हाती आला की एक डोळा मिटून मुठीकडून टोकापर्यंत बघा. काडी डावी-उजवीकडे वळलेली नको. मग स्क्रू फिरवा. मधोमध पेन्सिल जाईल एवढी फट राहिली की पुरे. केसांकडे झुकलेला काडीचा बाक तसाच राहायला हवा. पॅरिसच्या फ्रांस्वा तूर्त यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस गजाची जी घडण पक्की केली, तिचं बळ या बाकात आहे. त्यांच्या आवडीचं ब्राझीलचं पर्नांबुको लाकूड 2007पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-निर्बंधांच्या यादीत आहे. त्यामुळे कार्बन फायबरच्या काड्यांना मागणी आली. वजन म्हणाल, तर साठ ग्रॅमच्या आसपास.

कोऱ्या केसांतून आवाज निघत नाही, म्हणून राळ मागून घ्या आणि नीट घासा. मग मोबाइलवर तंबोरा लावून मंद्र षड्ज धरा. मुठीपासून टोकापर्यंत एकच गज, जमेल तितका सावकाश. मध्यावर हात थरथरला, तर दुसऱ्या गजाने तेच करून पाहा. तिथेही थरथरला तर मात्र रियाझ वाढवा! पाश्चात्त्य संगीत वाजवणारा गज तारेवर कसा उसळतो तेही पाहील. पंडित डी. के. दातारांसारखं गायकी अंगाने वाजवायचं, तर आधी सूर लांबवर, न डगमगता चालला पाहिजे. झाला आणि द्रुत ताना त्यानंतर.

पावसाळ्यात खरेदी करत असाल, तर स्क्रूला अजून किती वाव आहे तेवढं बघा. आपल्या दमट हवेत केस लांबतात आणि हिवाळ्यात आखडतात. कार्बनच्या काडीलाही केस घोड्याचेच, तेव्हा वाजवून झालं की गज सैल करायची सवय हवीच.

शेवटी दोन गज उरले आणि मन ठरेना, तर कुणाला तरी ते वाजवायला सांगा. तुम्ही पाठ करून उभे राहा, ऐका, आणि निवड झाल्यावरच किंमत विचारा.