घर पाहावे राहून

‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ ही म्हण आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. घर उभे करताना होणारी दगदग, पैशाची ओढाताण आणि गवंड्या-सुतारांची मनधरणी यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव तिच्यात साठवलेला आहे. पण ही म्हण बांधणाऱ्याची आहे, राहणाऱ्याची नव्हे. वास्तुशांत झाली की बांधणाऱ्याचे काम संपते. राहणाऱ्याचे तेथूनच सुरू होते. आल्यागेल्याला कोठे बसवायचे, वडीलधाऱ्या माणसाने दुपार कोठे घालवायची, मुलांनी अभ्यास कोठे करायचा, ओले कपडे कोठे वाळत घालायचे, आणि दोन शब्द मन मोकळे करून बोलायचे तर ते कोणत्या कोपऱ्यात बोलायचे, हे प्रश्न नकाशावर दिसत नाहीत. म्हणून त्या म्हणीला ‘घर पाहावे राहून’ अशी जोड द्यावीशी वाटते. घरांची व वसाहतींची आखणी माणसांचे वागणे आणि त्यांचा परिसर ध्यानात घेऊन कशी करावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

उदाहरणासाठी आपण म्हैसूर शहरात जाऊ. नभोवाणीच्या श्रोत्यांचे या शहराशी एक जुने नाते आहे. १९३५ साली तेथील महाराजा कॉलेजातील मानसशास्त्राचे प्राध्यापक डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या राहत्या घरातून एक खाजगी केंद्र सुरू केले. त्या केंद्राचे ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे साऱ्या देशाच्या नभोवाणीला लाभले.

म्हैसूरचे जुने विभाग मोहल्ल्यांच्या नावांनी ओळखले जातात. लष्कर, मंडी, कृष्णराज, चामराज, नझरबाद अशी त्यांची नावे. त्यांपैकी देवराज मोहल्ला हा शहराचा गजबजलेला गाभा. फुले, विड्याची पाने, केळी आणि कुंकवाच्या राशी यांनी भरलेला देवराज बाजार येथेच आहे. त्याच्या कडेने जाणारा मार्ग बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या नावाचा आहे, हे ऐकून मराठी श्रोत्याला सहज आपलेपणा वाटेल. दसऱ्याची मिरवणूक राजवाड्यातून निघून याच मार्गाने बन्नीमंटपाकडे जाते. त्या दिवशी या रस्त्यावरची प्रत्येक पायरी, गच्ची आणि कट्टा म्हणजे प्रेक्षकांचे आसन होते.

या भागातील जुनी घरे पाहिली तर आपल्या वाड्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही. दारापुढे एक उंच ओटा असतो. कन्नडमध्ये त्याला ‘जगली’ म्हणतात. मध्ये चौक असलेले घर म्हणजे ‘तोट्टी मने’; आपल्या चौसोपी वाड्याचे ते सख्खे भावंड. आणि मध्यमवर्गीय भाडेकरूंसाठी एका सामायिक अंगणाभोवती किंवा बोळाच्या दोन्ही अंगांना ओळीने बांधलेली लहान लहान घरे म्हणजे ‘वठार’. हा शब्द ऐकताच गोव्यातील श्रोत्याला आपला वाठार आठवेल आणि गिरगावकराला आपली चाळ. एक दिंडी, एक विहीर किंवा नळ, एक अंगण आणि दहाबारा बिऱ्हाडे, असा हा संसार असतो.

या रचनेतील मर्म कोणते? रस्ता सर्वांचा आणि माजघर फक्त घरच्यांचे. पण ओटा धड रस्ताही नव्हे आणि धड घरही नव्हे. अनोळखी माणूस ओट्यावर टेकू शकतो, ओळखीचा ओसरीवर येतो, आप्त माजघरात आणि अगदी जवळचे मात्र स्वयंपाकघरापर्यंत. एका उंबरठ्याचे काम चार पायऱ्यांवर वाटून दिलेले असते. घरात कोणाला किती जवळ येऊ द्यावे, याचा निर्णय माणसाला तोंडाने बोलावा लागत नाही. तो घरच बोलते. आधुनिक सदनिकेत एकच दार असते, आणि ते एकतर उघडे असते किंवा बंद. शेजारी भांडखोर झाले म्हणून शहरातील शेजारधर्म आटला असे आपण म्हणतो. वस्तुतः शेजाऱ्याने टेकावे अशी जागाच आपण नकाशातून पुसून टाकली, हेही त्याचे एक कारण आहे.

तथापि जुने ते सारे सोने, असे मानण्याचे कारण नाही. १८९६ साली मुंबईत आणि १८९८ साली म्हैसुरात प्लेग आला. दाट वस्ती, अंधाऱ्या खोल्या, धान्याच्या कोठारांतील उंदीर आणि तुंबलेली गटारे यांनी त्याला आसरा दिला. या संकटातून शहरसुधारणेच्या संस्था जन्मल्या. मुंबईचा सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट १८९८ सालचा. म्हैसूरचे नगरसुधारणा मंडळ १९०३ सालचे. म्हैसूरच्या मंडळाने गाभ्याबाहेर रुंद रस्त्यांचे, उजेड व वारा असलेले नवे विस्तार आखले. नीटनेटके शहर म्हणून आज म्हैसूरचा जो लौकिक आहे, त्यात या आखणीचा वाटा मोठा आहे.

पण याच सुबक आखणीतील एका तपशिलाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. नव्या विस्तारांत घरांच्या दोन रांगांच्या पाठीमागून एक अरुंद बोळ सोडलेला असे. त्याला ‘कॉन्झर्व्हन्सी लेन’ म्हणत. शौचकूप परसदारी असत, आणि मैला वाहून नेणाऱ्या सफाई कामगाराने या बोळातून यावे व याच बोळातून जावे, अशी ती योजना होती. आरोग्याच्या दृष्टीने तिच्यात त्या काळापुरता तर्क होता. परंतु नकाशाने आणखी एक गोष्ट विटांत बांधून टाकली. ज्याच्या श्रमावर घराची स्वच्छता अवलंबून, त्याचे दर्शन पुढच्या दाराला घडू नये, ही समाजाची इच्छाही त्या बोळात उतरली. माणसांच्या वागण्याला अनुसरून घर बांधावे असे आपण म्हणतो, तेव्हा कोणत्या माणसाच्या, आणि कोणत्या वागण्याला, हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. रूढीने शिकवलेला प्रत्येक आचार जपण्याजोगा नसतो.

पुढे जमिनीखालून सांडपाण्याचे नळ आले. हाताने मैला वाहण्याच्या प्रथेवर १९९३ साली, आणि अधिक कडकपणे २०१३ साली, कायद्याने बंदी घातली. बोळाचे मूळ प्रयोजन संपले, पण बोळ राहिला. त्याच्याकडे कोणाची खिडकी नाही, कोणाचे दार नाही, कोणाचा ओटा नाही. साहजिकच पुष्कळ ठिकाणी तेथे कचरा साचला, तर कोठे शेजारच्या घराने हळूच तो आपल्या पोटात घेतला. देवराज बाजाराजवळचा गर्दीचा ओटा आणि विस्तारातील हा ओसाड बोळ, या दोन्ही खरे तर सर्वांच्या जागा. पण एकीवर डोळे आहेत आणि दुसरीकडे साऱ्यांची पाठ आहे. सामायिक जागा जिवंत राहण्यासाठी झाडलोटीच्या हुकमापेक्षा तिच्याकडे उघडणारे एक दार अधिक उपयोगी पडते, हा धडा येथे मिळतो.

आता मुंबईकडे वळू. १९२० साली स्थापन झालेल्या डेव्हलपमेंट खात्याने नायगाव, वरळी, डिलाइल रोड आणि शिवडी येथे दोनशेसात चाळी बांधल्या. त्याच बीडीडी चाळी. एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली एकशेसाठ चौरस फुटांची. सुरुवातीला या खोल्यांपैकी कित्येक रिकाम्या पडून होत्या, कारण गिरणीपासूनचे अंतर, भाडे आणि अपुऱ्या सोयी यांचा कामगाराच्या दिनक्रमाशी मेळ बसत नव्हता. खोल्या मोजल्या गेल्या होत्या, दिनक्रम मोजला गेला नव्हता. पुढे मात्र कामगारांनी या काँक्रीटच्या पेट्यांत प्राण ओतला. गॅलरीचे अंगण झाले, जिन्याखाली व्यायामशाळा उभी राहिली, दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत गणपती बसला, नाटके झाली, सभा गाजल्या.

याच सुमारास मुंबईत एक निराळा विचार मांडणारा विद्वान वावरत होता. स्कॉटलंडचे पॅट्रिक गेडीस १९१४ साली भारतात आले आणि १९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. नगररचनाकाराने वैद्याप्रमाणे आधी निदान करावे, मग उपचार, असे त्यांचे सांगणे होते. जुन्या वस्तीतून पायी हिंडावे, विहिरी, झाडे, देवळे व चौक पाहावेत, नेमकी कोणती पडकी घरे काढली असता हवा खेळेल ते शोधावे, आणि उरलेली वस्ती जपावी. रुंद रस्त्यासाठी सबंध मोहल्ला पाडणे त्यांना मान्य नव्हते, कारण हुसकावलेली गरीब माणसे शेजारच्या वस्तीत जाऊन तेथील दाटी वाढवतात, हे त्यांनी पाहिले होते.

या विचाराची फळे पुढे आपल्याच परिसरात दिसली. इंदूरजवळच्या ‘अरण्य’ वसाहतीची आखणी करण्यापूर्वी वास्तुशिल्पज्ञ बाळकृष्ण दोशी यांच्या संस्थेने तेथील झोपडवस्त्यांतील राहणीचा अभ्यास केला. लोक झोपडीपुढे बसतात, निवडटिपण करतात, छोटे दुकान मांडतात, झाडाखाली मुले खेळवतात. म्हणून गरिबांना प्लॉट, जोते, शौचालय व नळ दिला आणि बाकीचे घर ऐपतीप्रमाणे ज्याने त्याने वाढवावे अशी मुभा ठेवली. घरापुढचा ओटा मात्र आवर्जून जपला. या योजनेला १९९५ साली आगाखान पारितोषिक मिळाले. नव्या मुंबईत बेलापूरला चार्ल्स कोरिया यांनी १९८० नंतरच्या दशकात सात-सात घरे एका लहान अंगणाभोवती मांडली, आणि अशी तीन अंगणे एका मोठ्या चौकाभोवती. पुढे रहिवाशांनी कित्येक घरे पाडून मोठी बांधली. काहींना हे योजनेचे अपयश वाटते. मला तसे वाटत नाही. कारण घराने कुटुंबाबरोबर वाढावे, हाच त्या योजनेचा हेतू होता.

सात या आकड्यात काही जादू नाही. पण आकाराला महत्त्व आहे. दहाबारा बिऱ्हाडांच्या वठारात प्रत्येक मूल कोणाचे, हे प्रत्येकाला ठाऊक असते. नळ गळत असेल तर सांगायचे कोणाला, हेही ठाऊक असते. हीच संख्या दोनशेवर गेली की अंगण सर्वांचे होते, म्हणजेच कोणाचेच राहत नाही. अमेरिकेत सेंट लुइस येथे १९५० नंतरच्या दशकात प्रूइट-आयगो नावाची अकरा मजली तेहेतीस इमारतींची वसाहत गरिबांसाठी उभारली. तिच्यातही मुलांनी खेळावे, बायकांनी बसावे म्हणून लांब गॅलऱ्या होत्या. परंतु घरांची दारे त्या गॅलऱ्यांवर उघडत नव्हती. देखभालीला पैसा उरला नाही, कुटुंबे सोडून गेली, गॅलऱ्या भयाण झाल्या आणि १९७२ पासून ती वसाहत पाडावी लागली. चाळीची गॅलरी जगली आणि ती मेली, यामागे दारिद्र्य, वर्णभेद अशी अनेक कारणे आहेत. पण दार कोठे उघडते हेही त्यांतील एक आहे.

आता या सामायिक जीवनाची दुसरी बाजू. वठाराचे आणि चाळीचे गोडवे गाणाऱ्यांत त्या सोडून गेलेल्यांचाच भरणा अधिक असतो. पहाटे बादली घेऊन रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईला, रात्री सामायिक शौचालयाकडे जाण्यास घाबरणाऱ्या मुलीला, नवपरिणीत दांपत्याला किंवा दमेकरी म्हाताऱ्याला विचारा. त्यांचे उत्तर निराळे येईल. शिवाय अंगण सामायिक असले तरी त्यात प्रवेश सर्वांना नसतो. जात, धर्म आणि ताटातले अन्न विचारून खोली नाकारण्याची रीत आपल्या शहरांतून अजून गेलेली नाही. शेजारधर्माचे कौतुक करताना शेजारी होण्याचा हक्क कोणाला नाकारला गेला, हे विसरून चालणार नाही.

म्हणूनच वरळीच्या बीडीडी चाळींतील साडेपाचशेहून अधिक कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये पाचशे चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. स्वतःचे न्हाणीघर, स्वतःची खोली हा चैनीचा नव्हे, प्रतिष्ठेचा प्रश्न आहे. पण उंच मनोऱ्यात गेलेल्या आजीला खाली अंगणात उतरण्यासाठी लिफ्टची वाट पाहावी लागेल, आणि त्या लिफ्टच्या देखभालीचा खर्च दरमहा कोणी व कसा भरायचा, हा प्रश्न किल्लीबरोबर मिटत नाही.

सरकारी नोकरीत वीसेक वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाच्या हाती घर येते ते आकड्यांच्या रूपाने. मंजूर किती, पूर्ण किती, चौरस मीटर किती, खर्च किती. हे आकडे आवश्यकच आहेत. त्यांच्यावाचून गरिबाचे घर कागदावरच राहील. पण त्यांच्या जोडीला आणखी काही रकाने असावेत. येथे राहणारी माणसे कामाला कोठे जातात आणि कशाने जातात? घरात बसून शिवणकाम, पापड, विडी असा काही व्यवसाय चालतो काय? दिवसभर घरात कोण असते? मुले आणि म्हातारी माणसे बसतील अशी सावली दारापासून किती पावलांवर आहे? पावसाचे वारे कोणत्या दिशेने येते? सामायिक जागेकडे किती दारे उघडतात, आणि तिचा खर्च सोसणे रहिवाशांच्या आवाक्यात आहे काय? पाच वर्षांनी सून घरात आली तर घर वाढेल कोठे?

या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून मिळणारी नाहीत, आणि ती कुटुंबप्रमुखाला एकट्याला विचारूनही पुरी होणार नाहीत. घरात सर्वाधिक वेळ काढणाऱ्या स्त्रियांना ती विचारली पाहिजेत. देवराज मोहल्ल्यातील उरलीसुरली वठारे असोत की परळची एखादी चाळ, पाडण्याचा किंवा बांधण्याचा नकाशा मंजूर करण्यापूर्वी संबंधित अधिकाऱ्याने व वास्तुशिल्पज्ञाने पहाटे नळाला पाणी येण्यापासून रात्री दिंडी लागेपर्यंतचा एक सबंध दिवस त्या वस्तीच्या अंगणात बसून काढावा, एवढीच माझी सूचना आहे. ही गोष्ट खर्चाची नाही, आणि तीसाठी कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.