नाव मूळचे, संहिता कोणाची?

रायपुरातील शंकर नगरात नळाला येणारे पाणी प्रामुख्याने खारुन नदीचे. पिणारा काही रोज नदीवर जाऊन पाहत नाही. मधल्या व्यवस्थेवर तो विसंबून असतो. त्याच वस्तीत कोणी आपल्या संगणकावर नवे सॉफ्टवेअर उतरवून घेतो, तेव्हाही तो असाच विश्वास टाकीत असतो. या विश्वासाला आधार कोणता, हे आज पाहावयाचे आहे.

मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते आपली संहिता सर्वांसमक्ष लिहितात आणि वेळोवेळी तिचे गाठोडे बांधून प्रसिद्ध करतात. डेबियनसारखे प्रकल्प ते वापरण्याजोगे करून घरोघर पोचवितात. सी-डॅकची 'बॉस' ही भारतीय प्रणालीही डेबियनच्याच पायावर उभी राहिली. डेबियनमध्ये गाठोड्याच्या नावात संहितेचे नाव, आवृत्तीचा क्रमांक आणि 'ओरिग', म्हणजे 'मूळ', ही खूण असते. परवान्यापायी मुळातील काही भाग वगळावा लागला, तर क्रमांकापुढे 'डीएफएसजी' ही अक्षरे जोडण्याचा प्रघात आहे. फेरफार केला तर तो नावातच कबूल करावा, हा त्यामागील दंडक.

परंतु नाव कोणीही लिहू शकतो. म्हणून गाठोड्यातील मजकुरावरून गणिताने बहुधा 64 चिन्हांचा ठसा काढतात. एक अक्षर बदलले तरी ठसा बदलतो. शिवाय कर्त्याची अंकीय स्वाक्षरी असते. ठसा सांगतो, वाटेत बदल झाला नाही. स्वाक्षरी सांगते, बांधणारा कोण.

एवढ्याने भागते काय? 'एक्सझेड' या मजकूर आटोपशीर करणाऱ्या साधनाच्या 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्या 2024 साली निघाल्या. गाठोड्यांचे नाव बरोबर होते, स्वाक्षरीही अधिकार मिळालेल्या व्यवस्थापकाचीच होती. तथापि परक्याला संगणकात चोरवाटेने शिरू देणारी यंत्रणा जागी करणारा मजकूर गाठोड्यात होता आणि सर्वांसमक्ष ठेवलेल्या संहितेत नव्हता. विश्वास संपादन केलेला आतला माणूसच फितूर निघाला होता. दूरच्या संगणकात प्रवेश करण्यास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो, हे आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला खटकले. त्याने छडा लावला, आणि 29 मार्च 2024 रोजी हे कपट उघडकीस आले. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत ते तोवर पोचले नव्हते.

मराठी माणसाला हा प्रश्न अपरिचित नाही. 1290 साली सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या नकलांत पुढील तीन शतकांत अनेक पाठभेद शिरले. नाव मात्र प्रत्येक प्रतीवर ज्ञानेश्वरीचेच होते. एकनाथांनी 1584 साली पाठ शोधून ग्रंथ शुद्ध केला आणि त्यात कोणी आपली ओवी घालू नये, असे बजावले.

संगणकाच्या क्षेत्रातही आता तोच मार्ग धरला जात आहे: गाठोडे उघड्या संहितेशी ताडावे, आणि तिच्यावरून ते जसेच्या तसे पुन्हा बांधता येते काय, हे पाहावे. नाव, ठसा आणि स्वाक्षरी ही साक्षीदाराची ओळख झाली. साक्ष तपासण्याचे काम कोणीतरी नेमाने करीत राहिले पाहिजे. अर्ध्या सेकंदाच्या विलंबाने एकदा वाचविले. दर वेळी तो वाचवील, असे धरून चालता येणार नाही.