हूव्हर यांचा पराभव

संकटाचें खापर राज्यकर्त्याच्या माथीं फुटावयाचेंच. पण केवळ संकटानेंच सत्ता जाते असें नाहीं. अमेरिकेचे अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांचें उदाहरण या दृष्टीनें मननीय आहे.

पहिल्या महायुद्धांत उपाशी बेल्जमला अन्न पुरविणारा संघटक म्हणून त्यांची कीर्ति झाली. १९२८ सालीं निर्वाचक-मंडळाचीं ४४४ मतें मिळवून ते अध्यक्ष झाले. पुढच्याच वर्षीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार कोसळला. मग बँका बुडाल्या, कारखाने थंडावले, लाखों हात रिकामे झाले. हूव्हर स्वस्थ बसले नव्हते. बँका व रेल्वे कंपन्यांना कर्जें देणारें मंडळ १९३२ सालीं निघालें. परंतु मध्यवर्ती सरकारनें बेकाराच्या हातीं थेट पैसा ठेवणें त्यांच्या तत्त्वांत बसेना. त्यानें स्वावलंबनाचा बाणा नष्ट होईल, असें त्यांना वाटे. बेघरांच्या झोपडवस्त्यांना ‘हूव्हरव्हिल’ हें नांव पडलें. त्याच वर्षीं जुलैंत, युद्धसेवेचा बोनस तत्काळ मागण्यासाठीं राजधानींत आलेल्या माजी सैनिकांना लष्करानें हुसकून लाविलें. त्यांच्या झोपड्या जळाल्या.

नोव्हेंबरांत हूव्हर पुन्हां उभे राहिले. रूझवेल्ट यांना ४७२ मतें पडलीं, हूव्हर यांना अवघीं ५९. मंदी कांहीं त्यांनीं एकट्यानें आणिली नव्हती. पण परक्या भुकेल्यांना जेवूं घालणारा हात घरच्या भुकेल्यासाठीं आंखडला, असें लोकांना दिसलें. जनता संकट सोसते. राज्यकर्त्याचें मन कोरडें आहे असें तिला एकदां वाटूं लागलें, कीं त्याचे हिशेब ऐकण्यास ती थांबत नाहीं.