उपदंशाचे पुनरागमन

ज्या रोगावर खात्रीचे औषध ऐंशी वर्षांपासून उपलब्ध आहे, तो रोग पुन्हा डोके वर काढीत आहे. उपदंश, म्हणजेच बोलीभाषेतील गरमी, हा तो रोग होय. सोळाव्या शतकातील ‘भावप्रकाश’ या ग्रंथात त्याला फिरंग असे नाव आहे. युरोपातही प्रत्येक देशाने तो शेजाऱ्याच्या नावावर ढकलला होता. दोष दुसऱ्याच्या माथी मारण्याची ही वृत्ती अद्याप गेलेली नाही.

शाउडिन व हॉफमन या जर्मन शास्त्रज्ञांनी १९०५ साली या रोगाचा मळसूत्राच्या आकाराचा जंतू शोधून काढला. पेनिसिलिनने तो बरा होतो, हे १९४३ साली अमेरिकेत दिसून आले. त्याच अमेरिकेने १९९९ साली उपदंशाच्या उच्चाटनाची राष्ट्रीय योजना आखली. २००० साली पहिल्या दोन अवस्थांतील रुग्णांची संख्या सहा हजारांच्या आत आली. परंतु पुढे दवाखान्यांचा निधी आटला, रुग्णाच्या संपर्कातील व्यक्तींचा शोध घेणारे कर्मचारी कमी झाले आणि एड्सवर औषधे आल्याने त्याची धास्तीही ओसरली. २०२२ साली हीच संख्या ५९ हजारांवर पोहोचली. याहून दुःखाची गोष्ट अशी की, जन्मतःच उपदंश असलेली अर्भके २०१२ साली साडेतीनशेच्या आत होती. २०२२ साली ती ३,७०० हून अधिक झाली. मातेची वेळीच तपासणी व उपचार झाले असते, तर यांतील दहापैकी नऊ बालकांच्या बाबतीत हे टळले असते, असे तेथील रोगनियंत्रण केंद्राचे अनुमान आहे.

रोगाचे स्वरूप मोठे फसवे आहे. संसर्गानंतर साधारणतः तीन आठवड्यांनी जननेंद्रियावर किंवा तोंडात एक व्रण उठतो. तो दुखत नाही आणि काही आठवड्यांत आपोआप भरून येतो. रोगी निश्चिंत होतो. पुढे अंगावर, विशेषतः तळहात व तळपायांवर पुरळ येतो, तोही मावळतो. त्यानंतर रोग अनेक वर्षे सुप्त राहून हृदय, मेंदू व नेत्र यांना इजा करू शकतो. भिंतींवर जाहिराती रंगवून ‘गुप्तरोगां’वर हमी देणाऱ्या वैदूंचे यश बव्हंशी या आपोआप भरणाऱ्या व्रणावरच उभे असते.

निदान रक्ततपासणीने होते. मात्र एकाच तपासणीवर विसंबणे इष्ट नव्हे. व्हीडीआरएल ही तपासणी हिवताप, कुष्ठरोग किंवा गर्भावस्था यांमुळेही क्वचित सदोष निष्कर्ष देते. म्हणून प्रत्यक्ष जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये दाखविणारी दुसरी तपासणी करतात. ही दुसरी तपासणी रोग बरा झाल्यावरही बहुधा आयुष्यभर होकारार्थी राहते. त्यामुळे औषधाचा गुण आला की नाही, हे व्हीडीआरएलचे प्रमाण चौपटीने उतरले का, यावरूनच ठरते.

उपचार साधा आहे. आरंभीच्या अवस्थेत बेंझाथिन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटांचे एक इंजेक्शन पुरते; जुन्या सुप्त रोगात आठवड्याच्या अंतराने तीन द्यावी लागतात. मेंदूपर्यंत पोहोचलेल्या रोगाला रुग्णालयातील निराळे उपचार लागतात. गर्भवतीसाठी पेनिसिलिनला पर्याय नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात ८० लाख प्रौढांना नव्याने उपदंश झाला. तथापि शेजारच्या श्रीलंकेने मातेकडून बालकास होणाऱ्या संक्रमणाचे निर्मूलन केल्याची मान्यता २०१९ साली मिळविली. तेथे गर्भवतींची तपासणी हा नित्याचा परिपाठ आहे. महाराष्ट्रातील शासकीय रुग्णालयांतही सुरक्षा क्लिनिकमध्ये ही तपासणी व उपचार विनामूल्य मिळतात आणि रुग्णाचे नाव गुप्त राखले जाते. गरोदरपणाच्या नोंदणीच्या वेळीच स्त्रीचे रक्त तपासून घेणे श्रेयस्कर. दोष आढळल्यास पतीचीही तपासणी व उपचार त्याच वेळी व्हावे लागतात. तो दवाखान्याची पायरी चढला नाही, तर बरी झालेली स्त्री प्रसूतीपूर्वीच पुन्हा बाधित होऊ शकते.