पायाची बायपास: दुखत नसलं तरी या

पायाची बायपास झालेल्या घरांतून मला एक प्रश्न हमखास येतो. रुग्ण विचारतो, त्याची मुलगी विचारते, गावाहून सोबतीला आलेला शेजारीसुद्धा विचारतो: "डॉक्टर, स्वतःचीच शीर घातलीय ना? मग आता काही बघायला नको ना?"

बघायला हवं. आज मुख्यतः तेवढंच सांगायला आलोय.

मांडीतली धमनी बंद पडली की पायाच्या आतल्या बाजूची लांब शीर घेऊन बंद भागाला वळसा घालून जोडायची, ही शस्त्रक्रिया १९४८ साली पॅरिसमध्ये ज्याँ कुनलिन यांनी केली. शिरेतल्या झडपा रक्त हृदयाकडेच जाऊ देतात, म्हणून शीर उलटी करून जोडतात, नाहीतर जागेवरच ठेवून झडपा कापतात. कृत्रिम नळीपेक्षा ही शीर जास्त काळ चालते, विशेषतः जोड गुडघ्याच्या खाली असेल तेव्हा.

पण शीर मुळात कमी दाबाची. तिच्यात एकदम धमनीचा दाब आला की तिची भिंत जाड होते. थोडी जाड व्हायलाच हवी. काही ठिकाणी मात्र, जोडाजवळ किंवा जिथे झडप होती तिथे, ती वाजवीपेक्षा जास्त जाडावते आणि आतली वाट अरुंद होते. पहिल्या महिन्यात ग्राफ्ट, म्हणजे ही जोडलेली शीर, बंद पडला तर दोष बहुधा जोडात, शिरेत किंवा तिच्या पुढे रक्त वाहून नेणाऱ्या धमन्यांत असतो. ती आमची काळजी. त्यानंतरची साधारण दोन वर्षं या जाड होण्याची.

आणि हे होत असताना पाय दुखेलच असं नाही. वाट बरीच अरुंद झाली तरी रक्त जात राहतं, जखम भरलेली असते, माणूस देवळापर्यंत जाऊन येतो. मधुमेहाने संवेदनाच गेली असेल तर दुखणं कळायचं कुठून? जो खाटेवरून उठून ओट्यावर बसतो, त्याच्या पोटरीला गोळा यायला तो चालतो कुठे? मग एक दिवस त्या अरुंद जागी गुठळी होते आणि ग्राफ्ट बंद.

उत्तर अमेरिकेत १४०४ रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला, २००६ साली प्रसिद्ध झाला. सगळे पाय जायच्या बेतात आलेले, सगळ्यांना स्वतःचीच शीर घातलेली. वर्षअखेर पुन्हा हात न लावता चालू राहिलेले ग्राफ्ट शेकडा ६१. बंद पडण्याआधीच दुरुस्त केलेले धरले, तर ७७. बंद पडल्यावर उघडलेलेही धरले, तर ८०. आता तुम्हीच हिशोब करा. वेळेत दुरुस्तीने सोळा वाढले, उशिराच्या धडपडीने तीन. पाय मात्र शेकडा ८८ जणांचे वाचले होते, हेही सांगायला हवं.

तर तपासणीला या. दुखत नसेल तरी या. दुखत नसेल तेव्हाच या! साधारण एक, तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, पुढे दरवर्षी; तुमच्या सर्जनने वेगळ्या तारखा दिल्या असतील तर त्या पाळा. नाडी बघतात, घोट्याचा रक्तदाब घेतात, डॉप्लर म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी करतात. सुई नाही, उपाशीपोटी यायची गरज नाही. अरुंद जागा सापडली तर बऱ्याचदा आत बलून फुगवून ती रुंद करण्यावर भागतं. पूर्ण बंद पडल्यावर आलात तर दुसरी शीर शोधावी लागते, आणि चांगली शीर आम्ही आधीच वापरलेली असते.

हे माझ्या कागदावर लिहिलेलं नाही, पण बोलतो. नव्या मोटारसायकलचं पहिलं सर्व्हिसिंग कोणी चुकवत नाही. पायाच्या वेळी मात्र ऊसतोड असते, बारसं असतं, मुलाला सुट्टी नसते. आणि काळी पडलेली बोटं घेऊन आल्यावर म्हणतात, "साहेब, दुखत नव्हतं म्हणून आलो नाही." आम्ही रागावतो म्हणून न येणारेही आहेत. अहो, ओरडा खायला या, पण या.

आणखी एक प्रश्न येतो: मुळात आधी बलून बरा की बायपास? २०२२ साली आलेल्या बेस्ट-सीएलआय अभ्यासात, चांगली लांब शीर उपलब्ध असताना आधी बायपास केलेल्यांचं जास्त बरं चाललं. पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या बॅसिल-२ ने गुडघ्याखालच्या आजारात आधी बलून केलेल्यांच्या बाजूने कौल दिला. तुमचा निर्णय तुमची शीर, तुमचं हृदय आणि तुमचा आजार बघूनच होईल.

बिडी-सिगारेट चालू ठेवली तर ग्राफ्ट बंद पडायचा धोका सुमारे तिपटीने वाढतो. आणि मावशी, मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे. ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलची गोळी रिपोर्ट चांगला आला म्हणून बंद करू नका. पायाला सूज काही आठवडे, कधी काही महिने राहते, बसताना पाय वर ठेवा. घट्ट मोजे विचारल्याशिवाय घालू नका. अनवाणी चालू नका, गरम पाण्याच्या पिशवीने शेकू नका.

पाय अचानक गार पडला, पांढरा झाला, बधिर झाला, बोटं हलेनाशी झाली, तर तेल चोळत बसू नका, सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री निघा. स्नायू काही तासांतच मरायला लागतात, आणि मग ग्राफ्ट उघडूनही उपयोग नसतो.

घरात कोणाची अशी बायपास झाली असेल, तर हा कार्यक्रम संपल्यावर त्यांची फाइल काढा. शेवटची तपासणी कधी झाली ते बघा. तारीख उलटून गेली असेल तर उद्याच दवाखान्यात फोन करा.